सारिकाच्या मशीनचा पट्टा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आणि रोज ज्याच्या शेजारी बसून डबा खातो त्या मित्रापाशीही नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच बहुतेक आज जीभ उचलतेय. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर त्याच्या डोळ्यांत बघावं लागतं – आणि तेच मला जमत नाही.

मी मास्तर आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कम्युनिटी कॉलेज आहे. मोठं काही नाही. बारावी झाल्यावर ज्यांना पुण्याला धाडायची घरच्यांची ऐपत नसते, किंवा मुलगी आहे म्हणून धाडायचं नसतं, अशी पोरं-पोरी आमच्याकडं येतात. वायरिंग, शिवणकाम, दुधाचे पदार्थ, मोबाइल दुरुस्ती असले छोटे अभ्यासक्रम. मी यंत्रांची प्राथमिक माहिती शिकवतो. मग एके वर्षी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, आपल्याला नवउद्योग केंद्र काढायचंय, तुम्ही बघा. पोरांनी नवं काहीतरी बनवायचं, आपण त्यांना जागा, हत्यारं आणि सल्ला द्यायचा, पुढं त्यातून त्यांचा धंदा उभा राहायचा – अशी कल्पना होती.

कल्पना चांगलीच होती. मी मनापासून राबलो, हे खोटं नाही. मागची अडगळीची खोली झाडून घेतली, भिंतीला पिवळा रंग दिला, वर्गावर्गात जाऊन बोललो. मी तामलवाडीच्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी हातात माइक धरला नव्हता. लोक ऐकतात, टाळ्या वाजवतात, पाहुणे ‘सर’ म्हणून हात पुढं करतात – याची गोडी मला फार लवकर लागली. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे घडलं त्याच्या मुळाशी दुसरं काही नव्हतं.

केंद्रात आलेली पहिली खरी कल्पना सारिकाची. ती बेंबळीकडची. घरी म्हशी, आणि अंगणात खव्याची भट्टी. खवा करताना दूध आटेपर्यंत कढईत सराटा फिरवत राहावं लागतं, हात थांबला की दूध खाली लागतं. सारिकाच्या आईनं लग्न झाल्यापासून ते केलं होतं. तिचा उजवा खांदा इतका धरला होता की तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. ती सारिका घालायची. हे सारिकानं मला अगदी सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. “सर, आईचा हात मोकळा करायचाय,” एवढंच म्हणाली.

तिनं एका बंद पडलेल्या कूलरची मोटार आणली. लोखंडी चौकटीवर ती बसवली, पट्ट्यानं एक चाक फिरवलं, चाकाला उभा दांडा आणि दांड्याला खाली लाकडी पातं. कढईवर ठेवलं की पातं तळ खरवडत गोल फिरायचं. पाच-सहा वेळा मोडलं आणि पाच-सहा वेळा तिनं ते परत उभं केलं. मी खरंच फार कमी मदत केली. मी फोटो काढत होतो.

एक अडचण मात्र जाईना. दूध पातळ असेपर्यंत मशीन छान चालायचं. शेवटी खवा घट्ट होत आला की पातं जड जायचं, पट्टा चाकावरून घसरायचा आणि मशीन जागेवर थांबायचं. मग हातानं थोडं हलवून परत चालू करायचं. मी म्हणालो, पट्टा ताण की जरा. ती म्हणाली, “न्हाय सर, तो मुद्दाम ढिला ठेवलाय. आईचा पदर असतोय, हातात बांगड्या असत्यात. काय अडकलं तर पट्टा घसरून ती थांबायला पाहिजे. मी मोठं चाक लावून बघते, तवर असू दे.”

तिला त्यासाठी महिनाभर हवा होता. आणि दुसऱ्या दिवशी केंद्राची पाहणी करून मंजुरी द्यायला वरून पाहुणे येणार होते.

ते खूश झाले तर केंद्र कायम होणार होतं आणि मी त्याचा प्रमुख. प्राचार्यांनी मला तसं बोलून दाखवलं होतं. आदल्या दिवशीच्या तालमीत मशीन पुन्हा-पुन्हा थांबलं. प्राचार्य दारात उभे होते. घड्याळ बघून निघून गेले. मला ते फार लागलं.

सकाळी सारिका दूध आणायला गेली होती. खोलीत मी एकटा. मी पाना घेतला, मोटारीचे बोल्ट सैल केले, मोटार थोडी मागं ओढली आणि परत घट्ट आवळली. पट्टा ताठ झाला. बोटानं दाबून पाहिला तर तारेसारखा. किती वेळ लागला असेल? चहा निवायच्या आत झालं. बाहेरून बघून कुणाला काही कळलं नसतं, पट्ट्यावर पत्र्याचं झाकण होतं. मी स्वतःला काय सांगितलं? आजच्यापुरतं. पाहुणे गेले की परत ढिला करू.

मशीन एकदाही थांबलं नाही. खवा तयार झाला, पाहुण्यांनी तो खाल्ला, सारिकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. सारिका एकदा मशीनकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होती. तिला नवल वाटलं होतं, आणि आनंद तर इतका झाला होता की विचारायचं सुचलं नसावं.

दुपारी तिचे वडील छोटा टेम्पो घेऊन आले. मशीन घरी न्यायचं ठरलं होतं. मी पाहुण्यांबरोबर जेवत होतो. खिडकीतून टेम्पो निघताना दिसला आणि – हे मला स्पष्ट आठवतं, मी विसरलो असं म्हणायची सोय नाही – पट्ट्याची आठवण झाली. हात धुऊन पळत गेलो असतो तर फाटकाशी टेम्पो गाठला असता. पण मग सगळ्यांसमोर पाना घेऊन काय सांगणार होतो? मघाशी तुम्ही जे बघितलं ते हिनं बनवलेलं मशीन नव्हतं, असं? मी भाकरीचा तुकडा मोडला. म्हटलं, संध्याकाळी फोन करू.

फोन मी केला नाही. तिनंच केला, दोन-तीन दिवसांनी. “सर, घरी लई भारी चालतीय. थांबतच न्हाय आता. कॉलेजातल्या लाइटीला जोर नसंल बहुतेक.” मागून तिच्या आईचा हसण्याचा आवाज येत होता. हात मोकळा झाला म्हणून ती बाई दुपारी शेजारणीकडं जाऊन बसायला लागली होती, हेही सारिकानं सांगितलं.

एवढंच बोलायचं होतं हो मला, की झाकण काढ आणि पट्टा ढिला कर. एक वाक्य. मी म्हणालो, “वा, छान. असंच काम चालू ठेव.”

पुढं काही आठवड्यांनी तिची आई सवयीनं कढईच्या काठाला चिकटलेला खवा सराट्यानं सोडवायला वाकली. मशीन चालू होतं. पदर दांड्याला गुंडाळला गेला आणि त्याबरोबर हात ओढला गेला. पट्टा घसरला नाही. सारिका पळत येऊन बटण बंद करेपर्यंत हात कोपरापर्यंत उकळत्या दुधात गेला होता आणि मनगटाजवळ मोडला होता. उजवाच हात.

सोलापूरच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो. केळी घेऊन गेलो होतो. आई झोपलेली होती. सारिका बाहेर बाकावर बसली होती, ओढणीला अजून दुधाचे डाग होते. मला बघून ती उठून उभी राहिली – त्या अवस्थेतही मास्तर आले म्हणून उभी राहिली. मग म्हणाली, “सर, पट्टा घसरायला पाहिजे होता. का न्हाय घसरला? माझं काय चुकलं?”

पहिली चूक भीतीनं झाली, असं एक वेळ म्हणता येईल. पण या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते विचार करून दिलं. मला वेळ होता. तिच्या चेहऱ्याकडं न बघता, समोरच्या भिंतीकडं बघत मी म्हणालो, “घाईत माप चुकलं असेल तुझं. होतं असं. मोठमोठ्यांचं होतं.” आणि वर तिच्या खांद्यावर थोपटलं.

ती परत बाकावर बसली. मग मान हलवली. तिनं ते मानलं होतं. मी तिचा सर होतो, ती का नाही मानणार?

तिच्या वडलांनी मशीन भंगारवाल्याला देऊन टाकलं. घरात ती वस्तू नको, म्हणाले. पुन्हा तपासायला काही उरलं नाही आणि – सांगायलाही लाज वाटते – ते ऐकून मला हायसं वाटलं. त्या रात्री मला चांगली झोप लागली. आईचा हात जोडला गेला, पण बोटं मिटत नाहीत. गावात लोक बोलायचे ते बोललेच, की पोरीला जास्त शिकवलं, तिनं आईचा हात घालवला. सारिकानं कॉलेज सोडलं. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायचे कारखाने आहेत, त्यातल्या एकात लागली.

माझं केंद्र कायम झालं. मी प्रमुख झालो. इथपर्यंत तुम्हाला माझी चीड आली असेल तर थांबा, अजून एक राहिलंय. दर वर्षी नव्या मुलांसमोर माझं व्याख्यान असतं – अपयशाला भिऊ नका, पण घाईही करू नका. त्यात मी एक उदाहरण देतो. नाव न घेता. एक हुशार मुलगी होती, म्हणतो, कल्पना सुंदर होती, पण सुरक्षेचा विचार कमी पडला. मुलं एकदम शांत होतात. व्याख्यानाचा तोच भाग सगळ्यात चांगला उतरतो.

सुरक्षेचा विचार. त्या खोलीत तो फक्त तिनं केला होता.

या वर्षी शिवणकामाच्या वर्गाला एक मुलगी आली. मी सवयीप्रमाणं सगळ्यांना विचारत होतो, डोक्यात काही नवीन असेल तर केंद्रात या. ती तास संपल्यावर मागं थांबली. “मी दीपाली. सारिकाची धाकटी बहीण,” म्हणाली. तेच डोळे. मी पटकन आईची चौकशी केली. बरी हाय, म्हणाली, डाव्या हातानं सगळं करती. मग मी विचारलं – का विचारलं कुणास ठाऊक – की तुला नाही का काही बनवावंसं वाटत?

“वाटतंय की,” ती म्हणाली. “पण ताईनं शपथ घातलीय. म्हणती, आपल्या घरात मशिनीच्या नादाला लागायचं न्हाय, आपलं माप चुकतंय.” मग जरा थांबून, मला बरं वाटावं म्हणून असेल, हसून म्हणाली, “तुमचं मात्र लई नाव घेती. म्हणती, बाकीच्यांनी नुसती समजूत घातली, सरांनी तेवढं तोंडावर खरं सांगितलं.”

मी टेबलावरची पुस्तकं सरळ करत राहिलो. ती नमस्कार करून गेली. तेव्हाही बोलता आलं असतं. दार उघडं होतं, ती पायऱ्यांपर्यंतही पोचली नव्हती.

सारिकाचं माप बरोबर होतं. पट्टा मी आवळला, मुद्दाम, आणि विचारल्यावर तिच्यावर ढकलला. तिच्याआधी हे तुम्हाला सांगतोय, हासुद्धा भित्रेपणाच आहे, मला कळतं. सारिकाचा तो गणवेशाचा कारखाना कुठं आहे हे दीपालीनं न विचारता सांगितलं होतं. सोलापूरला माझी सासुरवाडी आहे. त्यानंतर माझं दोनदा जाणं झालं. दोन्ही वेळा मी त्या रस्त्यानं रिक्षा नेऊ दिली नाही.