टाचा कुठी ठेवता?

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी ब्रह्मपुरीच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होतो आणि माझ्या लग्नाला बावीस दिवस झाले होते. आकडा अचूक आहे, कारण मी मोजत होतो. या बावीस दिवसांत माझी बायको माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. काही विचारलं की मान हलवायची. उभी हलली तर हो, आडवी हलली तर नाही. भाजीत मीठ जास्त झालंय का, एवढंही तिनं कधी विचारलं नाही. मी मात्र अख्ख्या शाळेचं मैदान दणाणून सोडणारा माणूस! घरी आलो की माझाही आवाज उंबऱ्याबाहेरच राहायचा.

घराणी दोन्ही मासेमारीची. पण मी चांद्याला मामाकडे राहून शिकलो, त्यामुळे डोंग्यात, म्हणजे आमच्याकडच्या लाकडी होडीत, बसलो की दोन्ही कडा गच्च धरून देवाचं नाव घ्यायचो. ती वैनगंगेच्या काठची. बाप जाळं फेकायचा, तेव्हा ही मागं उभी राहून बांबूनं डोंगा सांभाळायची.

त्यातच तिच्या भावाचा निरोप आला: पुढच्या बाजाराच्या दिवशी बहिणीला माहेरी न्यायला येतो. न बोलता गेलेली नवरी परत येते की नाही, कुणी सांगावं? आमच्याच आळीतली एक गेली होती, तिला आणायला चार माणसं तीनदा जाऊन आली आणि तिन्ही वेळा फक्त पाहुणचार घेऊन आली.

मी विचार केला, बोलणं जमत नाही तर पराक्रम दाखवू. घरी एक वजन होतं. मोटारीचा मोडका आस, त्याच्या दोन्ही टोकांना आरागिरणीतून कापून आणलेल्या सागवानाच्या जाड चकत्या. अंगणात बेचक्याचे दोन खांब रोवून त्यावर तो ठेवला होता. त्याखाली खांदे घालायचे, वजन उचलायचं आणि बैठका मारायच्या. हे वजन शिकवायला गुरू नव्हता; नागपूरच्या फुटपाथवर घेतलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यातल्या पैलवानाला मिशा होत्या, छाती होती, खांद्यावर लोखंड होतं. पण गुडघ्यांखाली काहीच नव्हतं. पानांची खालची बाजू उधईनं खाल्ली होती. पाय कुठं ठेवायचे हे त्या उधईलाच ठाऊक.

मग मी तालमीतली सवय वापरली. आपल्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलायच्या आणि चवड्यांवर तोल धरायचा. रिकाम्या खांद्यांनी मी अशा शंभर मारायचो. पहिल्या दिवशी वजन घेऊन खाली गेलो आणि थेट सरपणाच्या ढिगात तोंड खुपसलं. दुसऱ्या दिवशी कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलो. कोंबड्या ओरडल्या, मी ओरडलो, ती दारात उभी होती. तिनं पदर तोंडाशी नेला. हसली की घाबरली, कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती नुकतंच अंगण सारवून उठली होती. ओल्या सारवणावर मी गेलो, वजन घेतलं, निम्मा खाली वाकलो, तोल जाताना कसाबसा आस खांबांवर परत टाकला आणि धापा टाकत बाजूला झालो. ती हातातला शेणाचा गोळा घेऊन आली. माझ्याकडे न बघता खाली बघत राहिली. आणि मग माझ्या संसारातलं पहिलं वाक्य झालं.

"टाचा कुठी ठेवून येता जी?"

मी घाम पुसायचा थांबलो.

"काय?"

"पाहा ना. सारा चवडाच उमटला. टाचेचा पत्ताच नाई. अन् हा डावा पाय दोन बोटं पुढं काऊन? कुठी पळून राह्यले?"

मी खाली पाहिलं. खरंच, बोटांचे दहा खड्डे, त्यामागं चवडे आणि मग नुसतं गुळगुळीत सारवण. पुस्तकात उधईनं खाल्लेलं ते पान अंगणात उमटलं होतं.

"तालमीत असंच शिकवतात," मी मास्तरकीचा आवाज काढला.

"तालमीत डोंगा नसन. डोंग्यात असे उभे राह्यले असते, तर मासे तुमाले घरी घेऊन गेले असते."

एवढं बोलून तिनं शेणाचा हात धुतला आणि मला रिकामंच उभं केलं. पाय खांद्यांइतके फाकवले. बोटं किंचित बाहेर वळवली. "आता बोटं, टाच, सारा पाय भुईले लावा. गुडघे बोटांच्या मागं मागं जाऊ द्या, आत नका घेऊ. खाली पाहू नका, त्या चिंचेकडे पाहा." मी खाली गेलो. टाच उचलली की ती बोटानं माझ्या खांद्याला नुसतं टोचायची आणि मी कोलमडायचो. "ओले झाले," ती म्हणायची, म्हणजे डोंग्यातून पाण्यात पडलो. सकाळभरात मी सतरा वेळा ओला झालो. शाळेला उशीर झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला उशिराचा आनंद झाला.

रोज सकाळी ती सारवायची, मी त्यावर उभा राहायचो आणि ती माझी पावलं वाचायची. "आज उजवी टाच हलकी." "आज बरं हाये." त्या टाचांच्या निमित्तानं तिनं नदीचं सांगितलं, बापाच्या खोकल्याचं सांगितलं, या घरात पाण्याचा आवाज येत नाही म्हणून झोप लागत नाही तेही सांगितलं. मी वजनाखाली वाकलेला ऐकत राहायचो. उठलो तर ती थांबेल, अशी भीती वाटायची. बाजाराच्या आदल्या दिवशी तिच्यासमोर मी वजनासकट दहा बैठका मारल्या. खाली गेलो आणि वरही आलो, दहाच्या दहा वेळा. ती मान उभी हलवत मोजत होती.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. धिप्पाड माणूस, जेवला, पान खाल्लं. ती गाठोडं घेऊन बाहेर आली. गाठोडं मोठं होतं. मी त्याच्याकडेच बघत होतो.

"जवाईबापू, मायनं महिनाभर ठेवून घ्या म्हनलं हाये," भाऊ म्हणाला.

मी काही बोलणार, तोच ती म्हणाली, "आठ रोज."

"आठ? काऊन वो बाई, एवढी घाई?"

"मास्तरले आता कुठी बसता येऊन राह्यलं," तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं. "उठाचं शिकवाचं बाकी हाये."

मेहुण्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आपल्या बहिणीची गाठ एका लुळ्याशी मारून दिली आहे. मी कालच दहा वेळा उठलो होतो, हे सांगायला तोंड उघडलं होतं. मिटून घेतलं.