हिरव्या फराट्याची कुत्री

“तुमच्या कुत्र्यानं आमची कोंबडी नेली, म्याडम. आता तुम्हीच सांगा काय करायचं.”

आसाराम दवाखान्याच्या पायरीवर उभा होता. पुरावा म्हणून त्याने मूठभर पिसं आणली होती. मी म्हणाले, “माझ्याकडे कुत्रा नाही.”

“न्हाई कसा? हिरवा रंग कुणाचा हाये मंग?”

रंग माझाच होता. भोकरदनच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर होते. गावाच्या कडेला पत्र्याच्या घरांची एक वस्ती आहे. तिथल्या कुत्र्यांना आम्ही रेबीजची लस, म्हणजे कुत्रं पिसाळू नये म्हणून देतात ते इंजेक्शन, देत होतो. एकाच कुत्र्याला दोनदा टोचलं जाऊ नये म्हणून आमचे ड्रेसर, म्हणजे मदतनीस, रशीदभाई लस झाली की त्याच्या पाठीवर हिरव्या रंगाचा फराटा ओढायचे. पद्धत साधी होती. तिच्यात न समजण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

आसाराम पहिला. त्याच्यामागून रांगच लागली. एकीची चप्पल माझ्या कुत्र्याने पळवली होती. एकाच्या मोटारसायकलच्या सीटवर माझं कुत्रं रोज झोपत होतं, आणि मी त्याला समज द्यावी अशी त्याची मागणी होती. एक कुत्री कुणाच्या तरी सरपणात व्याली, तर ‘तुमची बाळंतीण घेऊन जा’ असा निरोप आला. लोकांनी भाकरी टाकणंही बंद केलं. सरकारची कुत्री आहेत, सरकार खायला घालेल. दोन-चार कुत्री तर खरोखरच दवाखान्यासमोर येऊन बसायला लागली.

त्यात जालन्याच्या जिल्हा ऑफिसातून साहेबांचा फोन. “कव्हरेज किती झालं?” कव्हरेज म्हणजे एकूण कुत्र्यांपैकी कितींना लस मिळाली तो हिशोब.

“बरं चाललंय सर. पण सगळी कुत्री माझ्या गळ्यात पडली आहेत.”

“पडू द्या. कव्हरेज वाढवा.”

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग एक दिवस पिसाळलेलं कुत्रं वस्तीत शिरलं, तिथल्या गयाबाईंच्या भुऱ्या नावाच्या कुत्र्याच्या पायाला चावलं आणि पुढे नाल्यात मरून पडलं. भुऱ्याला लस नव्हती. आम्ही लस घेऊन दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा गयाबाईंनी त्याला लपवलं होतं. अशा कुत्र्याला ताबडतोब टोचावं लागतं आणि पुढे महिनाभर ठरावीक अंतराने इंजेक्शनं द्यावी लागतात. उशीर झाला आणि रोग उठला, तर कुत्रं जातं आणि ते ज्याला चावेल तो माणूसही जाऊ शकतो. गयाबाईंची दोन नातवंडं दिवसभर त्या भुऱ्याच्या अंगावर लोळायची.

आम्ही धावत गेलो. गयाबाई दाराला पाठ लावून बसल्या होत्या. आत भुऱ्या गुरगुरत होता आणि पोरं त्याच्याशी बोलत होती.

“मावशी, दार उघडा. कुत्रं मरेल.”

“मरंल तर माझ्या घरी मरंल. तुझा रंग न्हाई लावू देयाची.”

“रंगाने काय होतंय?”

एवढी शिकलेली पोर आणि इतकंही कळत नाही, अशा कीवेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हे बघ माय, आमची मेंढरं होती. ज्याचा रंग त्याचं मेंढरू. बाजारात गिऱ्हाइकानं रंग ओढला की सौदा झाला. मंग सांजच्याला गाडी येती अन् माल घेऊन जाती. तू तर साऱ्या वस्तीवर रंग ओढून राह्यली. तुझी गाडी कवा येणार हाये तेवढं सांग.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वस्तीतली बहुतेक घरं मेंढरं विकून मजुरीला आलेली. त्यांच्या लेखी मी सगळी कुत्री घेऊन टाकली होती. म्हणून तक्रारी माझ्याकडे आणि म्हणून भाकरी बंद. जिला आपलं कुत्रं द्यायचं नव्हतं, तिने ते दडवलं.

“बरं, रंग न लावता टोचते.”

“अन् मागून ह्यो लावील.” त्यांनी रशीदभाईंकडे बोट केलं. रशीदभाईंनी रंगाचा डबा घाईघाईने पाठीमागे धरला, त्यामुळे संशय आणखी वाढला.

मी वैतागले. “मग तुम्हीच लावा. तुमचा रंग, तुमच्या हाताने. आधी रंग, मग सुई. चालेल?”

गयाबाई उठल्या, वाटीत गेरू कालवला आणि भुऱ्याच्या खांद्यावर दोन आडव्या रेघा ओढल्या. “आमच्या मेंढरांची खूण हाये,” त्या म्हणाल्या. मग स्वतःच त्याचं तोंड बांधून त्याला गुडघ्यात दाबून धरलं. “आता टोच.”

मी जखम साबणाने धुतली आणि टोचलं. नातवंडांना तपासून घ्यायला माणसांच्या दवाखान्यात धाडलं, तिथे कुणी रंग लावत नाही हे आधी सांगून.

आपला रंग आपणच लावायचा हे कळताच दुसऱ्या दिवशी वस्तीत गेरू, चुना आणि नीळ निघाली. आजवर कधी न दिसलेली कुत्री पलंगांखालून बाहेर आली. भुऱ्याची गोष्ट वेगळी, पण बाकी कुणी टोचल्याशिवाय रंग लावायचा नाही, ही शिस्त गयाबाईंनी जरबेने राखली. बेवारस कुत्र्यांनाही मालक मिळाले. एकाच्या पाठीवर तीन घरांचे रंग चढले आणि त्यावरून भांडण झालं. आसारामने कोंबडीचोरावर निळी रेघ ओढली. “चोर हाये, पण राखण बराबर करतो,” म्हणाला. भाकरी पुन्हा सुरू झाली.

भुऱ्या वाचला. शेवटचं इंजेक्शन झालं तेव्हा गयाबाईंनी वाटीत बोटं बुडवली आणि माझ्या एप्रनच्या बाहीवर दोन रेघा ओढल्या. “आता तू आमची,” म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. तो एप्रन मी मुद्दाम धुतला नाही.

कव्हरेज बघून खूश झालेले साहेब स्वतः वस्तीत आले. म्हणाले, “कुंभार पिंपळगावला तुमच्यासारखीच डॉक्टर पाहिजे.”

गयाबाई मधेच आल्या. “म्याडमला न्हाई नेता येणार, साहेब. रंग आमचा पडलाय.”

साहेबांनी माझ्या बाहीकडे पाहिलं आणि मला एप्रन स्वच्छ ठेवायला सांगितलं.

पुढच्या महिन्यात बदलीची ऑर्डर आली. सरकारी नोकराच्या पाठीवर सरकारचा फराटा तो रुजू होतो त्या दिवशीच ओढलेला असतो. त्यावर दुसऱ्या कुणाचा गेरू चढत नाही.