आटपाडीला जाणारं गाणं

"नाव ऱ्हाऊ द्या. कशावानी हाय त्ये सांगा."

कुणी म्हणालं, सध्या मी अमुक अल्बम ऐकतोय, की मेजर उजवा हात वर करायचे, रस्त्यावर ट्रक थांबवतात तसा, आणि हे वाक्य टाकायचे. मग हात गुडघ्यावर यायचा आणि ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. उत्तर दिल्याशिवाय सुटका नसायची.

आमच्या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजर असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमचे मेजर हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. नोकरी तोफखान्यात, घर रहिमतपूरच्या बाहेर, घरामागे ऊस. आता ते नाहीत. पण कुणी नवं काही ऐकायला लावलं, की अजूनही मला आधी त्यांचा तो हात दिसतो.

आमचा अड्डा रविवारी दुपारी मेडिकलच्या मागच्या खोलीत भरायचा. मेडिकलचे मालक, शिरवळच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला त्यांचा भाचा, मेजर आणि मी. मी हायस्कुलात मराठी शिकवते. खोलीत खोकल्याच्या औषधांची खोकी भिंतीला लावलेली आणि मधे एक चांगल्यातला स्पीकर. आठवडाभरात कुणी काय ऐकलं ते सांगायचं, त्यातला एक अल्बम निवडायचा आणि तो पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत ऐकायचा, एवढाच कार्यक्रम. मधे उठायचं नाही, मधे बोलायचं नाही आणि चहा सगळं संपल्यावर. हे कायदे अर्थातच मेजरांचे.

मेडिकलवाले मोठे जाणकार. कोणतं रेकॉर्डिंग कुठं झालं, तबल्यावर कोण, हेडफोन कसला वापरावा, सगळं त्यांना तोंडपाठ. ते सुरू झाले की मेजर म्हणायचे, "आवं मालक, त्ये बाटलीवरचं लेबल झालं. गुण काय आला त्ये सांगा."

माझीही तीच गत. एका सारंगीवादकाच्या अल्बमबद्दल मी मोठ्या हौसेनं बोलले. 'आर्तता' हा शब्द वापरला, 'व्याकुळता' वापरला. मेजर शांतपणे ऐकून म्हणाले, "बाई, ह्यो तुमी धड्याचा सारांश सांगितला. आता धडा सांगा." मी मनातून चांगलीच फणफणले होते.

पण एखाद्याचं उत्तर मनासारखं आलं की मेजरांचा चेहरा उजळायचा. भाच्यानं एकदा परदेशी गिटारवाल्यांचा अल्बम आणला होता. कशावानी, म्हणून विचारल्यावर तो डोकं खाजवून म्हणाला, "मेजर, पाळी सुटल्यावर शेडमधली मशिनं एकेक करून बंद हुत्यात. शेवटचं एकच चालू असतं, आन् तेबी बंद व्हायला लागतं. तसं." मेजरांनी मांडीवर थाप मारली. "ह्ये ब्येस! ह्ये घिऊन जातो."

घेऊन जातो, म्हणजे कुठं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आम्हाला वाटलं, बोलायची पद्धत असेल.

मेजरांचं ऐकणं हा आमच्या भागात बघण्याचा विषय होता. एकदा ते उसाला पाणी पाजत होते. कानात इअरफोन घालून मोटरीच्या खोलीच्या पायरीवर बसलेले. इकडं सरी भरून पाणी बांध फोडून चुलतभावाच्या रानात शिरलं. चुलतभाऊ शिव्या देतच आला. मेजरांनी हात वर केला. "दम खा जरा. संपाय आलंय." आणि तो माणूस खरंच थांबला! अल्बम संपला, मेजरांनी इअरफोन काढून नीट गुंडाळून खिशात ठेवले, आणि मग ते भांडायला उभे राहिले. पुढं चुलतभाऊच सगळ्यांना सांगायचा, "त्येच्या तोंडाकडं बगत उबा ऱ्हायलो न् भांडान इसरलो म्या."

मेजरांना मिशी नव्हती. फौजी आणि मिशी नाही, हे आमच्याकडं बैल आणि शिंगं नाहीत असं झालं. मेजर रोज सकाळी ओठांवरचा एकेक केस काढायचे. मेडिकलवाले डिवचायचे, "सरकारनं पेन्शन दिली आन् मिशी ठेवून घेतली काय?" मेजर नुसते हसायचे.

दर महिन्याला एका शनिवारी ते एसटीनं आटपाडीच्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजाराला जायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे. "मेजर, शेळी कुठाय?" "भाव जमला न्हाई." बाजारात एकही शेळी न जमणारं असं गिऱ्हाईक आटपाडीनं दुसरं पाहिलं नसेल. आम्ही त्यावर पुष्कळ हसून घेतलं.

मग त्यांचा घसा बसला. ऊसतोडणीच्या टोळीवर ओरडून बसला असेल, असं सगळे म्हणाले. औषधं झाली, काढे झाले, घसा उघडेना. शेवटी मिरजेला दाखवलं. पुढच्या रविवारी मेजरांनी घोगऱ्या आवाजात सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागणार. जीव राहील, आवाज राहणार नाही.

मेडिकलवाले उठले आणि भिंतीकडे तोंड करून खोकी उगीच इकडची तिकडं लावू लागले. औषधाचं ज्ञान त्यांनाच होतं. त्यांना सगळं कळलं होतं.

"माजं सोडा," मेजर म्हणाले. "उसासंगं काय बोलाय लागतंय? वांदा आटपाडीचा हाय."

तेव्हा आम्हाला धुळाप्पा कळले. आटपाडीकडचे, मेंढपाळाच्या घरातले, मेजरांच्याच तोफेवर काम करणारे. तंबूत पहिला टेपरेकॉर्डर त्यांनी आणला होता. "मला बिगुलाबिगार काय ठावं न्हवतं. ऐकाय त्यानं शिकवलं. मधी उठायचं न्हाई, ह्येबी त्येचंच." तोफांच्या आवाजानं धुळाप्पांचे कान कमी होत गेले आणि निवृत्तीनंतर पार गेले. यंत्रं लावून झाली, उपयोग झाला नाही. तेव्हापासून मेजर दर महिन्याला जायचे आणि महिनाभर आम्ही जे जे ऐकलं ते धुळाप्पांना सांगायचे. धुळाप्पा त्यांच्या ओठांवरून वाचायचे. मिशी का नव्हती, ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं. आमचं सगळं हसणं माझ्याच तोंडावर परत आल्यासारखं झालं.

"म्या सांगंन तेवडंच गानं हाय त्येच्यापाशी," मेजर म्हणाले. "ह्यो घसा गेला की त्येचं गानं बंद."

मेडिकलवाले वळून म्हणाले, "मोबाईलवर लिहून पाठवा की."

"लिवून? लग्नाची पत्रिका हाय व्हय?" मेजरांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, तुमास्नी सांगायची सवय हाय. ऑपरेशनच्या आदी येकदा आटपाडीला चला. माज्या माघारी तुमी सांगा."

मेडिकलवाल्यांनी गाडी काढली. औंध गेलं, वडूज गेलं, ऊस मागं पडला आणि बोडके माळ सुरू झाले. मी वाटभर मनात जुळवाजुळव करत होते. धुळाप्पांचं घर डाळिंबाच्या बागेला लागून. ते बाभळीखाली खाटेवर बसले होते, खुंट्याला शेळ्या. ज्यांना ऐकू येत नाही ते जसं मोठ्यानं बोलतात तसं त्यांनी आमचं स्वागत केलं, चारी शेळ्या दचकल्या.

मी त्यांच्यासमोर बसून सावकाश, ओठ स्पष्ट हलवत एक सतारीचा अल्बम सांगितला. वर्गात मुलं माझ्यासमोर चिडीचूप बसतात. धुळाप्पांनी मान डोलावत सगळं घेतलं आणि मेजरांना म्हणाले, "बाई शाळा लय चांगली शिकवत असत्याल."

मेडिकलवाले खोकल्याचं सोंग करून हसले. मेजर हसले नाहीत. त्यांनी खाट ओढली, धुळाप्पांच्या समोर आले आणि उरल्यासुरल्या आवाजात तोच अल्बम सांगायला लागले.

ते कसं होतं हे मला नीट सांगता येणार नाही, आणि मी मराठीची शिक्षिका आहे. मेजर सतारीचं काहीच बोलले नाहीत. विहिरीत बादली सोडली की दोर हातातून कसा सरकतो, ते बोलले. "म्होरं?" धुळाप्पांनी विचारलं. "पान्याला टेकली?"

"न्हाई. टेकायच्या आदी थांबला त्यो."

"हात भाजला आसंल."

"भाजला तरी सोडला न्हाई गड्या!"

धुळाप्पांच्या अंगावर सरसरून काटा आला. मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्या अल्बममधली ती जागा मी कितीदा ऐकली होती, ती मला त्या बाभळीखाली पहिल्यांदा मिळाली. आपण चांगलं काही ऐकताना डोळे मिटून घेतो. धुळाप्पांना ती चैन नव्हती. एक ओठ हलायचा राहून जाईल म्हणून ते पापणीसुद्धा बेतानं हलवत होते. मला भरून आलं आणि भीतीही वाटली, कारण यापुढं ही खाट माझी होती.

परतीच्या वाटेवर मेजर खिडकीबाहेर बघत होते. वडूजच्या अलीकडं एवढंच म्हणाले, "जमंल तुमास्नी. हळूहळू." आपलं हत्यार दुसऱ्याच्या हाती देताना शिपायाला जसं वाटत असेल तसं त्यांना वाटत असावं.

ऑपरेशन झालं. मेजर घरी आले, गळ्याला पांढरा रुमाल. आमच्याशी मोबाईलवर टाईप करून बोलायचे, तेही थोडंच. रविवारी येऊन बसायचे, अल्बम ऐकायचे आणि त्यांचा हात गुडघ्यावरच राहायचा. खोलीत इतकं सुनं पूर्वी कधी वाटलं नव्हतं. मी मात्र इरेला पेटले होते. भाकरी थापताना, फळा पुसताना, एसटीची वाट बघताना मी एकाच अल्बमच्या मागं होते. नुसता तंबोरा आणि एका बाईंचा आवाज. तव्यावरची भाकरी, दळणाची रांग, माहेरची वाट, सगळं त्याला लावून पाहिलं.

मेजरांना प्रवासाची परवानगी मिळाली त्याच शनिवारी आम्ही निघालो. धुळाप्पांनी मेजरांच्या गळ्याकडं बघितलं, रुमालावर हलकेच बोट टेकवलं आणि त्यांना शेजारच्या खाटेवर बसवलं. मी समोर बसले.

तव्यावरच्या भाकरीपासून सुरुवात केली, ती बरी झाली. धुळाप्पा पुढं सरकले. दोनदा "म्होरं?" म्हणाले, आणि माझा जीव सुपाएवढा झाला. पण गाणाऱ्या बाई वरच्या सुरावर जाऊन परत येतात ती जागा आली आणि माझी भाकरी तिथंच करपली. मला शब्द सापडेना. मी नुसतीच ओठ उघडे ठेवून बसले.

धुळाप्पांची नजर माझ्यावरून हलली. ते शेजारी बघत होते. सवयीनं, न राहवून, मेजरांचे ओठ हलायला लागले होते. आवाज नव्हता, श्वाससुद्धा नव्हता. आपण काय करतोय हे ध्यानात आल्यावर मेजर ओशाळून थांबले.

"थांबलास का रं?" धुळाप्पा ओरडले.

मेजरांनी गळ्याकडं बोट दाखवलं आणि हात हलवला. नाही आता.

धुळाप्पांना खरंच समजेना. त्यांनी मेजरांकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, पुन्हा मेजरांकडं बघितलं.

"आरं, मला तुजा आवाज कवा ऐकाय येत हुता? बोल की."

आम्ही सगळे कान असलेली माणसं, कान असलेल्यांनी करावी तशीच चूक आम्ही केली होती. शिक्षिका होती, औषधवाले होते, खुद्द मेजर होते. त्या आवाजासाठी सगळे महिनोन्‌महिने झुरत होतो. आणि ज्यांच्यासाठी झुरत होतो त्यांच्यापाशी तो आवाज एवढी वर्षं पोचतच नव्हता.

मी खाटेवरून उठले. मेजर माझ्या जागी बसले. रुमाल सारखा केला, ओठांवरून हात फिरवला आणि बोलायला लागले.

आम्हाला अर्थात काहीच कळलं नाही. शेळ्या बाभळीच्या शेंगा खात होत्या, बागेत कुठंतरी पाइप गळत होता. मेजरांचे ओठ हलत होते आणि धुळाप्पा "व्हय... व्हय..." करत पुढं पुढं झुकत होते. माझ्या अल्बमची ती अडलेली जागा मेजरांनी कशी सोडवली, ते मी कधीच विचारलं नाही. फक्त एका ठिकाणी मेजर एकदम थांबले. धुळाप्पांनी श्वास धरला. मीही धरला. मग मेजरांनी एकच शब्द उच्चारला आणि दोघं म्हातारे एकमेकांचे दंड धरून हसत सुटले. त्यातलं एकाचंच हसू ऐकू आलं.