सूर्याच्या डोंगरावर बोटभर बर्फ

"खल्ली ब्रेक. खल्ली, खल्ली."

वळणावरच्या खडकावर उभा राहून एक म्हातारा ओमानी दोन्ही हात हलवत ओरडत होता, आणि मी सरळ त्याच्याकडे गाडी घेऊन चाललो होतो. घेऊन चाललो होतो हेसुद्धा खोटंच. गाडीच मला घेऊन चालली होती, तीही आडवी, खेकड्यासारखी. मी ब्रेकवर असा काही उभा होतो की अजून थोडा जोर लावला असता तर पाय खालच्या पत्र्यातून आरपार जाऊन रस्त्याला लागला असता. चाकं फिरायची थांबली होती, गाडी मात्र थांबली नव्हती. शेजारी माझी आई बसलेली, दम्याने छाती भात्यासारखी वर-खाली होणारी, आणि तिच्या खिडकीबाहेर रस्ता नाही, कठडा नाही, फक्त जबल शम्स डोंगराची दरी. ब्रेक सोड, ब्रेक सोड, एवढंच तो म्हातारा सांगत होता. ओमानात केस पिकले माझे, तेवढं अरबी मला कळतं. पण ज्याच्या खिडकीबाहेर दरी आहे त्याला ब्रेक सोड म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला फळी सोड म्हणण्यासारखं.

माझ्या बोलण्यातला निम्मा भाग वजा करून घ्यायचा, अशी मस्कतच्या रुवी भागात पद्धतच आहे. तिथे माझं मसाल्याचं दुकान आहे आणि माझ्या मिरचीपेक्षा माझ्या गोष्टी तिखट असतात असं लोक म्हणतात. पण जे झालं ते मी इथे शक्य तितकं वजा करूनच लिहितो आहे, कारण त्यात मला अल्लाचं नाव घ्यायचं आहे आणि त्या नावापाशी फोडणी चालत नाही.

अम्मा रत्नागिरीकडच्या आमच्या गावाहून पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. अब्बांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मयतासाठी आपल्यात जी दुआ मागतात तिच्यात असं मागणं आहे की या माणसाचे गुन्हे पाण्याने, बर्फाने आणि गारांनी धुऊन काढ. अम्मा ती दुआ अब्बांसाठी रोज पुटपुटायची. एकदा आमच्याकडे मोबाइलवर कुणीतरी चित्रफीत पाठवली: जबल शम्सवर बर्फ पडला आहे, ओमानी पोरं गाडीच्या काचेवरचा बर्फ गोळा करून एकमेकांना मारताहेत. अम्माने ती तीनदा लावायला सांगितली. मग म्हणाली, "पाणी बघलाय, गारा एकदा अंगणात पडलेल्या त्या बघल्यात. हा बर्फ तेवढा कधी बघितला नाय रे. मागते मी रोज, पण काय मागते ता मला ठाऊक नाय." या वाक्यापुढे कुठला मुलगा नाही म्हणेल?

आता टायरचं सांगतो, कारण सगळा प्रसंग त्या चार टायरांवर उभा होता. माझी जुनी फोर-व्हील. तिचे टायर मस्कतच्याच गाला भागात, हनीफच्या दुकानात बसवलेले. हनीफ रायगडकडचा, म्हसळ्याचा, माझा दोस्त, आणि माझ्या थापा ऐकून न हसणारा मस्कतमधला एकमेव माणूस. टायरवर ऑल सीझन असं लिहिलेलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडे जाऊन विचारलं, हे बर्फात चालतात का? तो म्हणाला, "भाईजान, ऑल सीझन म्हणजे आपले दोन्ही सीझन. एक गरम, दुसरा मरणाचा गरम. बर्फ मी फक्त सरबतात बघितलाय, मला काय विचारतोस?" मी टायरच्या कडेवरची एम आणि एस ही अक्षरं दाखवली. "हे बघ, चिखल आणि बर्फ. कंपनीनेच लिहून दिलंय." तो म्हणाला, "लिहिलंय ते खरं असेल. पण कुठला बर्फ, किती बर्फ, ते लिहिलंय का?" मला राग आला नाही, उलट जीभ खाजायला लागली. ओमानात आजवर कुणी हा प्रयोग केला असेल? डोंगराचं नावच सूर्याचा डोंगर, त्याच्यावर बर्फ, त्या बर्फावर माझे टायर. रुवीत सांगायला दहा वर्षांचा माल झाला असता. खरं सांगायचं तर अम्माची इच्छा आणि माझी खाज एकाच गाडीत बसून निघाली.

वर जाताना टायरांनी मला नवाब केलं. डांबर संपलं, कच्चा रस्ता लागला, सावलीतल्या वळणांवर पांढरं दिसायला लागलं, आणि गाडी आपली चढतेच आहे. मी अम्माला म्हणालो, बघ, हे टायर बर्फ चावून खातात. बर्फ किती होता म्हणाल, तर रुवीत मी गुडघाभर सांगतो. तुम्हाला म्हणून सांगतो, बोटभर होता. पण अम्मा उतरली आणि त्या बोटभर बर्फापाशी अशी बसली, जशी ईदच्या दिवशी नव्या कापडापाशी पोर बसतं. तिने मूठभर उचलला, नाकाशी नेला, जिभेला लावला. तो तळहातावर विरघळून मनगटापर्यंत ओघळला, तो तिने तसाच वाहू दिला. "काय डाग राहिला नाय बघ," एवढंच बोलली. आणि मग तिने अब्बांसाठी दुआ मागितली, ओठ हलत होते पण आवाज नव्हता. मी बाजूला होऊन टायर बघत बसलो, कारण अशा वेळी मुलाने कुठे बघायचं ते मला कळत नाही. टायरला बोटाने दाबलं. मस्कतमध्ये तो मऊ असतो, इथे जुन्या सुक्या खजुरासारखा टणक झालेला. नक्षीच्या खाचांत बर्फ असा ठासून बसलेला, जसं साच्यात पीठ बसतं. खाचाच दिसेनात. टायरने बर्फ चावला होता खरा, पण आता तो त्याच्या दातांत अडकला होता. मला मोठी गंमत वाटली. तिचा अर्थ मला अर्ध्या तासाने कळणार होता.

थंडीने अम्माची छाती धरली. आधी खोकला, मग ती शिट्टीसारखी बारीक घरघर. पंप दिला, उतार पडला नाही. पुन्हा दिला. ती हाताने खुणेने म्हणत होती की ठीक आहे, पण ओठांचा रंग ठीक नव्हता. वर दवाखाना नाही. तिला लवकरात लवकर खाली उबेत न्यायचं, दुसरा इलाज नव्हता. ऊन कलून तो उताराचा भाग सावलीत गेला होता, आणि गाड्यांनी दाबून दाबून तिथला बर्फ काचेसारखा झाला होता. मी घाईत निघालो. पहिल्या उतारावर ब्रेक दाबला तेव्हा मला टायरांचं खरं रूप कळलं. चढायला जो हो म्हणतो तोच टायर थांबायला नाही म्हणतो. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते ती निघण्यासाठी; थांबण्यासाठी फक्त रबराची पकड असते, आणि माझं रबर थंडीने टणक, खाचा बर्फाने बंद. वरून माझी जुनी गाडी, ब्रेक दाबला की चाकं जागच्या जागी गच्च, आणि गच्च चाकाला वळण ऐकू येत नाही. स्टिअरिंग मी इकडे फिरवतोय, गाडी तिकडे चाललीय.

तेवढ्यात तो म्हातारा ओरडला.

मी आयुष्यात इतकं घट्ट काहीच धरलं नव्हतं. अम्माला बोलायला श्वास नव्हता. तिने फक्त आपला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. दाबला नाही, ओढला नाही, नुसता ठेवला, लहानपणी ताप आला की ठेवायची तसा. बर्फाने ओला, गार हात. आणि पाय ब्रेकवरून सुटला. मी उचलला की उचलला गेला, याचा माझा मलाच आजवर पत्ता नाही. मी इतका मोठा गप्पिष्ट, पण या एका जागी माझ्याकडे सांगायला काहीच नाही. चाकं फिरायला लागली, फिरणाऱ्या चाकाला वळण ऐकू आलं, गाडीचं नाक दरीकडून डोंगराकडे आलं आणि कडेच्या मुरुमाच्या ढिगात हलकेच जाऊन बसलं. म्हातारा खडकावरून उतरून आला. खांद्यावरची शेळीच्या केसांची जाड सतरंजी त्याने, जशी कुणी पाहुण्यासाठी अंथरावी, तशी पुढच्या चाकांखाली सारली. मी मागे घेऊन गाडी सोडवली. मग तो गाडीपुढे चालायला लागला, कडेकडेच्या मुरुमावरून, आणि एक चाक त्या मुरुमावर ठेवून मी त्याच्या मागे, पहिल्या गिअरात, ब्रेकला न शिवता. माझा पाय जरा ब्रेककडे वळला की, मागे न बघता तो तळहात वर करायचा. हे त्याला कसं कळायचं? गाडीच्या आवाजावरून कळत असणार. मी त्या वेळी असा विचार करत नव्हतो. मी फक्त त्या पाठीमागे जात होतो.

जिथे ऊन अजून शिल्लक होतं आणि रस्ता ओला काळा दिसत होता, तिथे तो बाजूला झाला. खाली जाताजाता अम्माचा श्वास मोकळा होत गेला. पायथ्याच्या गावात तिने चहा मागितला तेव्हा मी गाडीबाहेर जाऊन तोंड फिरवून रडलो. आभार मानायचे राहूनच गेले होते. वर तो बाजूला झाल्यावर मी मागे बघितलं, तेव्हाच त्याची पाठ चढाला लागलेली होती.

रुवीत ही गोष्ट वाढली, हे मी लपवत नाही. म्हातारा उंच होत गेला, त्याचा डगला जास्त पांढरा होत गेला, आणि एका शुक्रवारी तर मी सांगून बसलो की बर्फावर त्याची पावलंच उमटली नव्हती. हनीफ तेवढा म्हणाला, "फरिश्ता सतरंजी घेऊन फिरतो होय?" मला ते लागलं. थापांचं मला काही नाही, पण याच्याबद्दल मला खरंच कळून घ्यायचं होतं. त्या कडाक्यात, त्या ओसाड वळणावर, बरोबर त्याच वेळी हा माणूस का उभा होता? थंडी सरल्यावर, अम्मा गावी परत गेल्यावर, मी कोकम, मसाला आणि नवीन पांघरूण घेऊन पुन्हा वर गेलो. तो तिथेच रस्त्याकडेला सतरंज्या मांडून बसला होता. त्याने कहवा दिला, खजूर दिले, आईची तब्येत विचारली. मी त्याचे हात धरून विचारलं, चाचा, त्या दिवशी तुम्हाला तिथे कुणी पाठवलं? तो जरा बुचकळ्यात पडला. म्हणाला, मुलाला फोन लावायला गेलो होतो. खालच्या घरात रेंज येत नाही, त्या खडकावर येते. त्या दिवशी तो लवकर उचलतच नव्हता.

उतरताना मी फार हळू आलो. बर्फ कुठेच नव्हता, तरी. मनाची गंमत बघा, उत्तर मिळालं तर मीच खट्टू झालो, जणू माझा माल कुणी काढून घेतला. पण त्या वळणावर आल्यावर पाय आपसूक हलका झाला. जे माझ्या हातात होतं ते मी सगळं घट्ट धरलं होतं, आणि त्यानेच आम्ही दरीकडे चाललो होतो. सुटलं ते एवढंसं, पण त्या एवढ्याशा सुटण्यात मी आणि अम्मा दोघं वाचलो. तेव्हापासून नमाजात सजद्याला कपाळ टेकतो तेव्हा पंजे सैल सोडतो. आधी तेही आवळलेले असायचे, हे मला माहीतच नव्हतं. अल्लाचे उपकार मानतो, त्या चाचांचे मानतो, आणि त्यांच्या मुलाचेही, ज्याने फोन लगेच उचलला असता तर चाचा बोलून खाली उतरले असते.

घरी येऊन अम्माला फोन लावला. सगळं सांगितलं, आणि शेवटी जरा पडलेल्या आवाजात म्हणालो, "अम्मा, त्याला कुणी पाठवलं नव्हतं गं. तो नुसता फोन लावायला उभा होता."

अम्मा म्हणाली, "मंग काय झाला? उभा होता ना."