तव्यावरची वाळू

साऱ्या जगात मला ज्याचा सर्वांत जास्त हेवा वाटतो, तो माणूस अकोल्याच्या जुन्या शहरात घड्याळं दुरुस्त करतो आणि त्याने आजवर समुद्र पाहिलेला नाही. हा माणूस माझा साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्याकडे त्याला साडभाऊ म्हणतात. या नात्यातलं भावपण मला कळायला बरीच वर्षं लागली, त्याआधीचा सगळा काळ मी जळण्यात घालवला. आणि जळायला मला कारण होतं. मी अमरावतीच्या एका कॉलेजात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. समुद्रातल्या गोगलगाई हा माझा विषय. त्यांच्यासाठी मी तरुणपणी रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर दोन हिवाळे काढले, मासे न खाणारा माणूस असून काढले, आणि शेवटी पाच पानांचा एक निबंध छापून आणला. त्यात जवसाच्या दाण्याएवढ्या एका शंखाबद्दल ‘ही प्रजाती या किनाऱ्यावर प्रथमच आढळत आहे’ असं एक वाक्य होतं. माझ्या नावावर जमा असलेलं विज्ञान म्हणजे ते एक वाक्य. साडभाऊ दहावी पास आहेत. तरी तेल्हाऱ्याला आमच्या सासुरवाडीत गोगलगाईचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळतात. मी शेजारी बसून पापड मोडत असतो.

त्यांना हा नाद लागला तो एका बंद पडलेल्या घड्याळामुळे. कुणी गिऱ्हाईक गणपतीपुळ्याला जाऊन आलं होतं आणि त्याचं घड्याळ तिथल्या वाळूत पडून थांबलं होतं. साडभाऊंनी डोळ्याला भिंग लावून झाकण उघडलं, तर दोन चाकांच्या मध्ये स्क्रूहून लहान असा एक अख्खा शंख अडकलेला. वेढे, कंगोरे, तोंड, सगळं जागच्या जागी. ‘‘सर, म्या चाळीस साल स्विस मशिनी पाह्यल्या,’’ ते मला म्हणाले होते, ‘‘पन असं फिटिंग नाई पाह्यलं. अन् थे बी गोगलगायीनं केलं, बिना चिमट्याचं!’’ गिऱ्हाइकाचं घड्याळ त्यांनी त्या दिवशी दुरुस्त केलं की नाही, कोण जाणे. शंख मात्र होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत गेला, बाटलीवर चिठ्ठी लागली, आणि माझ्या आयुष्यातली शांतता गेली.

त्यानंतर अकोल्यातून कोकणात जाणाऱ्या माणसाची सुटका राहिली नाही. कुणाचा मधुचंद्र असो की अस्थिविसर्जन, साडभाऊ स्टँडवर प्लास्टिकची पिशवी घेऊन हजर. ‘‘मले काही आनू नका. आंबे नोको, काजू नोको. निरा एक मूठ वाळू. पन ओल्या पट्ट्यातली आना बरं, कोरडी नाई. अन् गावाचं नाव पिशवीत टाका.’’ लोक आणतातसुद्धा. मी दोन हिवाळ्यांत जेवढे किनारे पाहिले त्याच्या तिप्पट किनारे त्यांच्या दुकानात भिंतीला लागून उभे आहेत, बाटल्यांमध्ये. तुम्ही स्वतः एकदा समुद्रावर का जात नाही, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. ‘‘काय राजेहो सर! तथी येवढं पानी पाहाचं का वाळू पाहाची? माणूस गडबडून नाई जानार का?’’

धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंनी आम्हा दोघा जावयांना जेवायला बोलावलं. तेहतीस-तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा, सगळा थाट. मी कुर्ता घालून पाटावर बसलो होतो. थोरले जावई स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंचा भाकरीचा तवा उचलून घेऊन आले. थंड, काळाकुट्ट तवा. खिशातून वाळूची पुडी काढली आणि त्यावर पसरली. पांढरे शंख काळ्यावर लगेच दिसतात, म्हणून. हे मला माझ्या गाइडने कधी सांगितलं नाही आणि मला कधी सुचलं नाही, आम्ही पांढऱ्या ट्रेमध्ये डोळे फोडत होतो. मला वाटलं आता सासूबाई भडकतील, कारण त्या तव्याला त्या सुनेलाही हात लावू देत नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘घिऊन जा बाप्पा अकोल्याले. तुमच्या कामाचा हाय तं मी दुसरा घेतो.’’ मला त्यांनी तेहतीस वर्षांत तव्यावरची पहिली भाकरीसुद्धा दिलेली नाही. चांदीचा दिवा घेऊन मी मुकाट्याने अमरावतीची एसटी पकडली.

शंखाच्या प्रत्येक भागाला त्यांनी स्वतःचा शब्द दिला आहे. शंखाच्या टोकावरचे पहिले दोन-तीन वेढे गोगलगाय अंड्यातून बाहेर येण्याच्या सुमारास बांधते, ते पुढे आयुष्यभर टोकावर तसेच राहतात. त्या वेढ्यांना साडभाऊ जावळ म्हणतात. ‘‘आपलं जावळ काढून टाकतेत, सर. हिचं मरेलोक डोक्शावर.’’ तोंडाची बाहेरची जाड कड म्हणजे उंबरठा, उभे कंगोरे म्हणजे तास, वावरातल्या नांगराच्या तासांसारखे. मी वर्गात हेच भाग लॅटिन नावांनी शिकवायचो आणि मुलं जांभया द्यायची. त्यांच्या दुकानात बँकेचा शिपाई आणि संत्र्याचा व्यापारी तास मोजत बसलेले मी पाहिले आहेत. एकदा तर दोघांचं भांडण जुंपलं होतं, सोळा की सतरा.

आता मुद्द्यावर येतो, कारण तो टाळत टाळतच मी इथपर्यंत आलो.

मागच्या हिवाळ्यात साडभाऊंचा फोन आला. आवाज इतका हळू की मला वाटलं घरात काही वाईट झालं. ‘‘सर, तुमच्या पाच पानाईतला जो रिसोइना शंख हाय ना, तसे तीन भेटले मले. पन तुमी लिव्हलं त्याचे तास खालपावतर जातेत. याचे अर्ध्यावरच थांबतेत, अन् खाली बारीक दोऱ्यायसारख्या आडव्या रेघा. जावळ बी एक वेढा कमी. थे केरळच्या शंखवाल्या प्रोफेसर बाई, ज्याईले म्या फोटो धाडतो, म्हनतेत, नवीन असन. पन तीन शंखावर काई होत नाई. तुमची नळी पाहाची हाय.’’

माझी नळी. काचेची, नऊ शंखांची, आत माझ्या हस्ताक्षरातली चिठ्ठी. ती माझ्या कपाटात, कोटाच्या मागे होती. आणि भिंगाखाली न घालताही मला त्या क्षणी आठवलं की माझ्या शंखांचे तास अर्ध्यावर थांबतात. मला ते तेव्हाही दिसलं होतं. झिजले असतील, असं म्हणून मी पुढे गेलो होतो. मला घाई होती, लग्न ठरलं होतं. म्हणजे माझे शंख मी नोंदलेल्या प्रजातीचे नव्हतेच, ‘प्रथमच आढळत आहे’ हे माझं वाक्य खोटं ठरणार, आणि नवी प्रजाती माझ्या कपाटातून निघून साडभाऊंच्या नावावर जाणार. मी म्हणालो, ‘‘नळी आहे हो, पण चिठ्ठी उधईने खाल्ली.’’

आमच्या शास्त्रात शंखापेक्षा चिठ्ठी मोठी. कुठल्या किनाऱ्यावर, कधी मिळाला, हे हरवलं की शंख नुसता शोभेचा. साडभाऊ म्हणाले, ‘‘अरेरे.’’ कुणी गेल्याचं कळल्यावर म्हणतात तसं म्हणाले. फोन ठेवून मी नळी काढली, चिठ्ठी बाहेर ओढली आणि पाकिटात घातली. उधईने केलं नसतं इतक्या सफाईने केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अमरावतीला माझ्या दारात उभे. सांत्वनाला आले होते! एका पिशवीत सासूबाईंचा तवा आणि दुसरीत खणखणणाऱ्या बाटल्या. चहासुद्धा न घेता त्यांनी माझे नऊ शंख तव्यावर मांडले. तास पाहून नुसती मान हलवली. मग सुईने एका शंखाच्या तोंडात अडकून बसलेली वाळू काढली, चिमूटभरसुद्धा नव्हती, आणि तिच्याकडे घड्याळ उघडल्यासारखं पाहत राहिले. एकेक बाटली उघडून शेजारी दाणे ठेवत गेले. दीड तासाने म्हणाले, ‘‘काळी वाळू, अन् त्यात कालवाईच्या शिंपल्याचा चुरा. सर, हे रत्नागिरीच्या मांडवीचं हाय. पार खडकाच्या अंगाचं. आठोते का तुमाले?’’

माझ्या पाकिटातल्या चिठ्ठीवर हेच लिहिलं होतं. मांडवी, खडकाजवळ. ज्या किनाऱ्यावर मी उभा राहिलो होतो, तो न पाहिलेल्या माणसाने मला माझ्या बैठकीत बसून तो दाखवला. मला त्यांचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि शरमही वाटली, दोन्ही एकदमच. मी पाकीट काढलं आणि चिठ्ठी तव्याच्या कडेला ठेवली. त्यांनी ती भिंगाखाली नीट वाचली, उलटून पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. ‘‘उधई मोठी समजदार हाय, सर,’’ ते म्हणाले. ‘‘अख्खी वापस केली.’’ आणि आत हाक मारून माझ्या बायकोकडे चहा मागितला.

लेख या वर्षी छापून आला, केरळच्या बाईंचं आणि साडभाऊंचं नाव घेऊन. प्रजातीला सासूबाईंचं नाव दिलं आहे. त्यांना शंख दाखवला तेव्हा त्यांनी तो तळहातावर शोधला आणि विचारलं, ‘‘याच्याहून मोठी नाई भेटली का?’’ नव्या प्रजातीच्या नावाखाली एक यादी असते, ती आधी कुणी पाहिली आणि कोणत्या चुकीच्या नावाने नोंदली याची. त्या यादीत एकच ओळ आहे. तिच्यात माझं नाव आहे, वर्ष आहे आणि माझी चूक आहे. साडभाऊंनी बोट ठेवून ती मला दाखवली, स्वतःचं नाव दाखवलं नाही. ‘‘पाह्यलं तुमीच पयले. म्या निसतं ओयखलं.’’ ते खरंच तसं मानतात. माझा हेवा अजून गेलेला नाही तो यामुळेच, हे मला जमलं नसतं.

नळी आता एका संग्रहालयात गेली आहे, चिठ्ठीसकट. कॉलेजची सहल कोकणात निघाली की मी सहलीच्या सरांना गाठून मूठभर वाळू आणायला सांगतो आणि रविवारी ती अकोल्याला पोचवतो. पोचवण्याआधी मात्र घरी दार लावून, नव्या विकत आणलेल्या काळ्या तव्यावर ती पसरतो आणि त्यांच्या आधी मला काही दिसतं का ते पाहतो. अजून तरी काही दिसलेलं नाही. मग वाळू परत पिशवीत भरतो आणि गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी आत टाकतो. ती टाकली ना, हे एसटीत बसल्यावर पुन्हा एकदा उघडून पाहतो.