अस्वलाला थंडी वाजते

सोसायटीच्या गणपतीत मुलांना सिनेमा दाखवायचं काम मी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतलं आणि नीट न बघता भलताच सिनेमा आणला. पडद्यावर कुठल्याशा परदेशातलं, हाताने काढलेलं जुनं कार्टून सुरू झालं. भाषा कुणालाच कळेना.

"काका, बंद करा ना!" म्हणत पोरं उठायला लागली. आता चिंचवडभर माझी शोभा होणार, एवढं मला कळलं.

मागे टाकीत पाणी सोडून टँकरचा ड्रायव्हर पडदा बघत उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर ओला पंचा. प्रत्येक चित्र वेगळं काढलेलं असल्यामुळे पडद्यावरच्या अस्वलाच्या रेघा सारख्या थरथरत होत्या. ड्रायव्हर एकदम अस्वलासारख्या घोगऱ्या आवाजात ओरडला, "आरं, थंडी लय हाय! कुनी घोंगडी द्या की!"

पोरं खिदळत खाली बसली. मी हळूच सिनेमाचा आवाज बंद केला. मग त्याच्याच तोंडून पडद्यावरचा कोल्हा बोलला, म्हातारी बोलली.

"आज्जे, दार उघड गं!"

"न्हाई उघडत. आधी पाय धू!"

टाकी भरून वाहायला लागली तरी कुणाला भान नव्हतं. त्या थरथरत्या रेघांवर माझाही जीव जडला होता.

नंतर मी आभार मानायला गेलो, तर पाईप गुंडाळत तो म्हणाला, "चित्रं काढनाऱ्यानं त्यांच्या तोंडावर समदं काढलंय, भाऊ. आमी निस्तं वाचलं."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "पुढच्या वर्षीही असाच चुकीचा सिनेमा आणा. टँकर मी मागवते."