रिकाम्या खोलीतला पंखा

“रिकाम्या खोलीला वारा कशाला?” असं म्हणत काका बोर्डावरची बटनं एकेक करून बंद करायचे. खोली रिकामी असलीच पाहिजे असं नव्हतं. माणूस पाणी प्यायला उठला तरी त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद व्हायचा, आणि तो बिचारा परत येऊन घाम पुसत बसायचा. तुमच्याही ओळखीत असे एक काका असतीलच.

आमचे काका केंद्र सरकारच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले. सगळी नोकरी दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये काढून मग नोएडात फ्लॅट घेतलेला. मराठी मंडळाच्या हॉलच्या किल्ल्या त्यांच्याकडे असायच्या. त्यामुळे मंडळाचं वीजबिल कमी यायचं आणि सभासदांच्या कुरकुरी जास्त.

मे महिन्याच्या सुट्टीत मंडळाने मुलांसाठी कार्यशाळा घेतली. मी दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढेच बसते, म्हणून शिकवायला मला उभं केलं. आमच्या दिल्लीतल्या मुलांना ‘उंबरठा’ म्हटलं तरी ती तोंडाकडे बघतात. तेव्हा ठरलं असं, की घरच्या मोठ्यांकडून जुने शब्द ऐकायचे, टाइप करायचे आणि त्यांचं पुस्तक काढायचं. कॅन्टोन्मेंटमधून एक आजी आल्या होत्या. साताऱ्याकडच्या, मुलगा फौजेत. लेकाची बदली झाली होती आणि आठवड्याभरात त्या राजस्थानात निघणार होत्या.

आजी आधी लाजत होत्या. मग धान्याची ‘कणगी’ म्हणाल्या. कणगीवरून मडक्यांची उतरंड आली, उतरंडीवरून तिच्यात लपवलेला गूळ, गुळावरून त्यांची सासू. एका शब्दाचा हात धरून दुसरा येत होता. मुलं आळीपाळीने टाइप करत होती, आणि एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारी ती पोरं आजींच्या तोंडाकडे बघत होती. असली दुपार मी मंडळात पुन्हा पाहिली नाही.

तेवढ्यात वीज गेली. कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहिला आणि यूपीएस टीं टीं ओरडायला लागला. मी इन्व्हर्टरवाल्या माणसाला फोन लावायला दाराशी गेले.

“अरे यार, बॅटरी फुकट चाललीय!” मागे बसलेले काका म्हणाले, आणि त्यांनी उठून यूपीएसचं बटन दाबलं.

पडदा काळा झाला. मुलं एकदम ओरडली. वीज आल्यावर पाहिलं तर काहीच उरलं नव्हतं. फाइलला नावसुद्धा दिलेलं नव्हतं, कारण सेव्ह कसं करायचं हा धडा मी दुसऱ्या दिवशी ठेवला होता. एवढी माझी हुशारी! तरी बोलले मीच.

“काका, हात शिवशिवत होते का तुमचे?”

सगळ्यांसमोर बोलले. काका आपल्या बोटाकडे बघत उभे राहिले.

आजींनीच त्यांना खुर्चीत बसवलं. “आवो सायेब, जीवाला कशापायी लावून घेता? शब्द माझ्या तोंडात हायती, त्या खोक्यात न्हाईत.” पण पुन्हा सांगायला बसल्या तर कणगी-उतरंडीपुढे गाडी जाईना. “आत्ता तर व्हतं की व्हटावर,” असं म्हणत त्या कपाळ चोळत राहिल्या. काका मान खाली घालून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, “काका, चूक माझी आहे. सेव्ह करणं आधी शिकवायला हवं होतं.”

“अच्छा? आणि बटन कोणी दाबलं, बेटा? तू?”

त्यांनी माझ्याकडून टाइपिंग शिकून घेतलं. एका बोटाने टाइप करायचे. दर रविवारी राजस्थानात फोन लावायचे आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं विचारायचे, “आजी, आठवला का एखादा?” कधी आठवायचा, बहुतेक वेळा नाही. आठवला की टाइप करून सेव्ह करायचे, बंद करायचे, आणि खरंच राहिला का ते उघडून बघायचे. काकूंनी दुधाला विरजण लावलं तरी यांचं आपलं, “सेव्ह केलं का?” आम्ही हसायचो, तेही हसायचे.

पण बटनांना त्यांनी हात लावणं सोडलं. हॉल रिकामा व्हायचा, पंखे फिरत असायचे. काका वर बघायचे, दोन्ही हात खिशात घालायचे आणि बाहेर पडायचे. मला ते बघवायचं नाही.

“काका, करा ना बंद,” मी एकदा म्हटलं.

“नको बेटा. माझा हात वाईट.”

एवढंच बोलले. माझं ते एक वाक्य मला परत घेता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

यंदा होळीनंतर काका गेले. एका रविवारी मी काकूंना भेटायला गेले होते. आम्ही दोघी काकांच्या खोलीत बसलो असताना काकांचा मोबाइल वाजला. काकूंनी नाव पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला.

“सायेब, घावला बघा एक! शिंकाळं! मांजर पोचू नये म्हनून दूध वर टांगायचं त्ये. लिवा.”

“लिहिते, आजी,” मी म्हटलं.

“सायेब कुठं हायती? लई दिस फोन न्हाई. त्यांना सांगा, त्या बटनाचं आता मनातनं काढा म्हनावं.”

मग मला सांगावंच लागलं. “मंग तुम्हीच ठिवा त्यो शब्द जपून,” आजी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी काकांच्या कॉम्प्युटरवर ‘शिंकाळं’ टाइप केलं. सेव्ह केलं. बंद करून पुन्हा उघडून पाहिलं. होतं.

निघताना माझा हात पंख्याच्या बटनाकडे गेला. काकूंनी तो धरला.

“राहू दे गं. दवाखान्यात नेलं तेव्हा ह्यांनीच चालू ठेवला, तो अजून फिरतोय.”